थंडीत घोड्याला ऊब गवताची, गुळाची नव्हे

पावसाळा सरला की कासा-डहाणू पट्ट्यात माळावरचे गवत कापून वाळवतात. घोड्यासाठी हे गवत म्हणजे पोटातली शेगडीच. त्यातील तंतू मोठ्या आतड्यात आंबतात आणि त्या क्रियेतून बराच वेळ उष्णता मिळत राहते. तरी थंडी पडली की मालकाचा हात जातो गूळ-बाजरीकडे. नंदुरबारचा सारंगखेड्याचा घोडेबाजार तर दत्तजयंतीला, ऐन हिवाळ्यात भरतो. तिथे आपला घोडा गुबगुबीत दिसावा, असे कोणाला वाटणार नाही?

पण मानेवर चरबीची घट्ट वळी आलेल्या घोड्यात इन्सुलिनचे काम बिघडलेले असू शकते. गूळ, धान्य मिळाले की त्याच्या रक्तातले इन्सुलिन उसळते आणि खुराच्या आतला नाजूक थर दुखावतो. हा लॅमिनायटिस. घोडा पुढचे पाय ताणून, मागच्या पायांवर भार टाकून उभा राहतो. दुखणे बळावले तर कायमचा जायबंदी होतो.

अशा 300 किलोच्या घोड्याला रोज सुमारे साडेचार किलो वाळले गवत लागते. ते तासभर भिजवून पाणी फेकून दिल्यास बरीच साखर निघून जाते. कडाक्याच्या थंडीत गवतच थोडे वाढवावे, पाणी कोमट द्यावे. लठ्ठ आहे म्हणून उपाशी मात्र ठेवू नये. अंगातली चरबी एकदम रक्तात उतरते आणि ते जिवावर बेतू शकते.