मॉर्गन डॉलर: रेघ उंच की खोल?

मंडळी, नाणे हातात आले की आपण आधी साल बघतो आणि लगेच किंमत विचारतो. मधली एक पायरी राहून जाते: हे नाणे कोणत्या डायमधून उतरले? आज तेवढेच शिकू. उदाहरण अमेरिकेच्या मॉर्गन डॉलरचे. 1878 ते 1904 आणि पुन्हा 1921 साली पाडलेले, 26.73 ग्रॅम वजनाचे, 90 टक्के चांदीचे नाणे.

पहिला नियम. डाय म्हणजे पोलादी ठसा आणि तो उलटा असतो. डायवर जे खोल, ते नाण्यावर उंच. डायला तडा गेला की चांदी फटीत शिरते आणि नाण्यावर उठावदार रेघ येते. पिशवीत दुसऱ्या नाण्याशी टक्कर झाली, तर मात्र खाच पडते. म्हणून दहापट भिंग घ्या, नाणे दिव्याखाली तिरपे फिरवा आणि विचारा: रेघ उंच की खोल? उंच असेल तर ती डायची. खोल असेल तर बहुधा नंतरची इजा.

न्यू ऑर्लिन्सचा 1888चा डॉलर घ्या. एका प्रकारात लिबर्टीच्या चेहऱ्यावरून उंच तडा जातो. त्याला संग्राहक ‘स्कारफेस’ म्हणतात. दुसऱ्यात ओठ, नाक, हनुवटी दुहेरी दिसतात. तो ‘हॉट लिप्स’. दुसऱ्यातला दोष डाय तयार होतानाच शिरला, म्हणून त्या डायच्या प्रत्येक नाण्यावर तो आहे.

आता इथेच लोक फसतात. ठोका पडताना डाय किंचित सरकली तरी अक्षरे दुहेरी भासतात. पण ती दुसरी कड सपाट असते, पायरीसारखी, आणि मूळ अक्षर अरुंद करते. खऱ्या दुहेरी डायमध्ये दुसरी प्रतिमा गोलसर, उठावाची असते. पहिल्या प्रकाराला जादा पैसे देऊ नका!

1878 साली तर नक्षीच बदलली. गरुडाच्या शेपटीला आधी आठ पिसे होती, मग सात केली. काही जुन्या डायवर नवी नक्षी उमटवली. त्या नाण्यांवर सात पिसांखाली जुन्या पिसांची टोके डोकावतात.

हे सगळे कशासाठी? 1893चा सॅन फ्रान्सिस्कोचा डॉलर फक्त एक लाख पाडला गेला. त्याच सालच्या फिलाडेल्फियाच्या नाण्यावर टांकसाळीचे अक्षर नसते. तिथे मागे ‘एस’ चिकटवला की बनावट माल तयार. पण सॅन फ्रान्सिस्कोची खरी नाणी दर्शनी बाजूच्या एकाच डायमधून आली. तिच्यावर ‘लिबर्टी’तल्या ‘टी’च्या माथ्याशी बारीक तिरकी रेघ आहे, उंच. फार झिजलेल्या नाण्यावर ती पुसट होते. पण चांगल्या स्थितीतल्या नाण्यावर ती नसेल, तर पाकीट खिशातच ठेवा. चिकटवणारा मागचे अक्षर बघतो. आपण पुढची रेघ बघायची.

जाता जाता, आपल्याशी असलेला धागा. 1918च्या पिटमन कायद्यानुसार 27 कोटींहून अधिक डॉलर वितळवले गेले. त्यांतली बहुतेक चांदी ब्रिटनमार्फत हिंदुस्थानच्या रुपयांसाठी आली. तेव्हा किती डॉलर पाडले, यावरून किती उरले ते कळत नाही. जे उरले, ते भिंगाखाली नीट वाचा.