मेंदूतल्या साखरेचा नकाशा

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के, पण आपण स्वस्थ बसलेलो असतानाही एकूण ऊर्जेतला सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा संपवतो. त्याचे मुख्य इंधन ग्लुकोज, आणि त्याचा साठा नावापुरताच. म्हणूनच रक्तवाहिनी तुंबून पक्षाघात होतो तेव्हा मेंदूत कुठे किती साखर उरली, हे कळणे मोलाचे असते. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब ते सांगत नाही. लुई सोकोलॉफ आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये किरणोत्सारी डीऑक्सिग्लुकोज वापरून मेंदूचा कोणता भाग किती वेगाने साखर वापरतो, ते दाखवले. पण खर्च कळला म्हणून शिल्लक कळत नाही.

शिल्लक मोजायला साखर ओळखणारे विकर, म्हणजे एन्झाइम लागते. १९६७ मध्ये अपडाइक आणि हिक्स यांनी ग्लुकोज ऑक्सिडेज पॉलिअ‍ॅक्रिलमाइडच्या जेलमध्ये जखडून ऑक्सिजन मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर बसवले. हीच युक्ती चित्र काढायलाही उपयोगी पडते.

आधी भूल दिलेल्या उंदराचा मेंदू द्रवरूप नायट्रोजनने जागच्या जागी गोठवतात, कारण रक्तपुरवठा थांबताच पेशी उरलीसुरली साखर झपाट्याने संपवतात. मग केसाहून पातळ काप काढून विकरांच्या थरावर ठेवतात. काप वितळला की साखर थरात उतरते. हेक्झोकायनेज तिला फॉस्फेट जोडते. दुसरे विकर तिच्यातला हायड्रोजन काढून एनएडीपीला देते. त्यातून बनलेले एनएडीपीएच अतिनील प्रकाशात निळसर चमकते. साखर जास्त, तिथे उजेड जास्त. कोलोनच्या संशोधकांनी तर १९८१ मध्ये जिवाणूंचे ल्युसिफरेज वापरून कापातल्या साखरेला स्वतःच प्रकाश पाडायला लावले.

मला यातली खरी कसोटी वाटते ती थराच्या जाडीची आणि वेळेची. विकर जखडले तरी साखर आणि चमकणारा पदार्थ सरकतच राहतात. थर जाड झाला किंवा छायाचित्राला उशीर झाला, की ओल्या कागदावरच्या शाईसारखी चित्राची कड फुटते.

शिवाय गोठवलेला काप एकाच क्षणाची साक्ष देतो. जिवंत मेंदूत तासन्‌तास नजर ठेवायची तर सुईएवढा संवेदक आत ठेवावा लागतो. तिथे ग्लुकोज ऑक्सिडेजची वेगळीच अडचण येते. त्याला साखरेबरोबर ऑक्सिजनही लागतो, आणि पक्षाघातात नेमका तोच घटतो. मग साखर असूनही आकडा कमी दिसू शकतो. म्हणून अशा ठिकाणी ऑक्सिजनवर न अडणारी डीहायड्रोजनेज विकरे वापरण्याकडे संशोधकांचा ओढा आहे.