हजार रुपयांची काटकसर

आषाढी जवळ आली की आमच्या पंढरपुरात घर हे घर राहत नाही, त्याची धर्मशाळा होते. प्रदक्षिणा मार्गाजवळच्या आमच्या जुन्या वाड्यातही दरवर्षी ठरलेली दिंडी उतरते. ओसरीवर वळकट्या, अंगणात चुली, नळावर ही रांग! तीन वर्षांपूर्वी धाकट्या जाऊच्या डोक्यात आलं, ‘ताई, एवढी माणसं उपवासाची. आपण उपवासाची भाजणी का विकू नये?’ कल्पना छान होती. पण राजगिरा, साबुदाणा, वरी भाजून बाहेरच्या गिरणीत न्यायची म्हणजे त्यात ज्वारी-गव्हाचं पीठ मिसळणार. मग तो उपवास कसला? तेवढ्यात भिशीचा नंबर लागला आणि आम्ही दोघींनी घरघंटी घ्यायचं ठरवलं.

फाल्गुनात भाचीच्या लग्नाला मी पुण्याला गेले होते, तिथेच ती घेतली. दुकानदार म्हणाला, ‘बिल हवं असेल तर वीस हजार, नको असेल तर एकोणीस.’ जाऊ फोनवर बजावत होती, ‘ताई, बिल घ्या हं!’ पण मी मनात हिशोब केला, हजार रुपयांत पोरांच्या वह्या-पुस्तकांचं भागेल. कच्च्या चिठ्ठीवर व्यवहार केला आणि घरी येऊन काटकसरीबद्दल सासूबाईंची शाबासकीही घेतली!

ज्येष्ठ संपता संपता, चाळीस किलो भाजणीची मागणी हातात असताना घरघंटीची मोटार जळाली. दुकानदाराला फोन केला, तर म्हणे, ‘मशीन पुण्याला घेऊन या, बघू.’ कंपनीला फोन केला, तर त्यांचा पहिला प्रश्न, ‘बिल नंबर सांगा.’ झालं! माझी वाचाच बसली. जाऊ शेजारीच उभी होती. ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

घरात एकच सूर निघाला, ‘सोडून द्या. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.’ काय गंमत आहे बघा, आमच्या गावात नामदेव पायरीला हात लावल्याशिवाय कुणी विठ्ठलापुढे जात नाही. पण कोर्टाची पायरी म्हटली की अख्खं घर चार पावलं मागं!

लग्न होऊन अमेरिकेला गेलेल्या त्याच भाचीचा त्या रात्री फोन आला. तिला रडगाणं ऐकवलं तर ती म्हणाली, ‘मावशी, इथं प्रत्येक राज्याचा एक अॅटर्नी जनरल असतो. कंपन्या लोकांना फसवायला लागल्या की तो राज्याच्या वतीने त्यांच्यावर दावा लावतो.’ मला नवल वाटलं. मागाहून वाचलं तेव्हा कळलं, बहुतेक राज्यांत या अधिकाऱ्याला लोक मतं देऊन निवडतात. १९९८ मध्ये ४६ राज्यांच्या अॅटर्नी जनरलांनी मोठ्या सिगारेट कंपन्यांशी करार करून २५ वर्षांत २०६ अब्ज डॉलर द्यायला लावले होते.

आपल्याकडे कोण आहे असं? आपल्या राज्याला महाधिवक्ता असतात, पण ते सरकारची बाजू मांडणारे वकील. आपल्या घरघंटीसाठी ते यायचे नाहीत! मात्र अगदीच कुणी नाही, असंही नाही. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा. त्याला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली तो २४ डिसेंबर, म्हणून त्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक दिन पाळतात. पुढे २०१९ मध्ये नवा कायदा झाला आणि जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. पुष्कळ ग्राहकांची एकदम फसवणूक होत असेल तर हे प्राधिकरण स्वतःहून चौकशी करू शकतं, माल परत घ्यायला लावतं, फसव्या जाहिरातीला दंड करतं.

टीव्हीवर ‘आत्ताच फोन करा, थोडेच पीस शिल्लक’ म्हणत दागिने आणि गुडघ्याचे पट्टे विकतात ना? तशा विक्रीतल्या फसव्या जाहिरातींबद्दल २०२२ मध्ये या प्राधिकरणाने नापतोल कंपनीला १० लाखांचा दंड केला. कार्यक्रम आधी चित्रित केलेला असेल तर तसं स्पष्ट दाखवा, असंही बजावलं. त्याच वर्षी आयएसआय मानक न पाळणारे २,२६५ प्रेशर कुकर आपल्या साइटवरून विकू दिल्याबद्दल अॅमेझॉनला दंड झाला. ते परत घेऊन गिऱ्हाइकांचे पैसे द्या, असा आदेश निघाला. कुकर फुटला तर कुणाच्या तोंडावर फुटतो, हे आपल्याला सांगायला नको.

अर्थात सरकार उभं राहिलं म्हणजे जिंकलंच, असंही नाही. मॅगीप्रकरणी केंद्र सरकारने २०१५ मध्ये देशभरच्या ग्राहकांच्या वतीने सुमारे ६४० कोटींचा दावा लावला होता. राष्ट्रीय आयोगाने तो २०२४ मध्ये फेटाळला.

आणि आपल्या एकटीच्या मोटारीसाठी? तिथे आपणच आपला अॅटर्नी जनरल!

दुसऱ्या दिवशी देवपूजा आटोपून मी १९१५ हा नंबर फिरवला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे मराठीत बोलता येतं. पलीकडच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं. मी घाबरतच म्हटलं, ‘बिल नाही हो माझ्याकडे.’ ती म्हणाली, ‘दुसरं काय आहे?’ शोधलं तर दुकानाचा शिक्का आणि तारीख असलेलं वॉरंटी कार्ड सापडलं. पैसे जाऊच्या मोबाइलवरून दिले होते, त्याची नोंद होती. जळलेल्या मोटारीचे फोटोही होते. शिवाय एक गोष्ट तेव्हाच कळली. बिल न देणं हीच मुळी नव्या कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे चूक माझी होतीच, पण एकटीची नव्हती.

दुसरी शंका जाऊने काढली, ‘ताई, आपण तर धंद्यासाठी घेतली, मग आपण ग्राहक कशा?’ बरोबर विचारलं तिने. नफ्याच्या मोठ्या व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागत नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर लागतो. शिलाई मशीन घेणाऱ्या, पापडाचं यंत्र घेणाऱ्या, ब्यूटी पार्लरची खुर्ची घेणाऱ्या मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा.

हेल्पलाइन तडजोड करून देते, तिला हुकूम काढता येत नाही. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. आपला सोलापूरला. वस्तू पुण्याची असली तरी आता आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वकील लावलाच पाहिजे असं नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मात्र दोन वर्षांच्या आत जायला हवं. दुरुस्ती, बदली वस्तू, पैसे परत आणि झालेल्या नुकसानीची भरपाई, हे सगळं मागता येतं. कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, हेही खरं. आणि एकच फसवणूक गावातल्या अनेकींच्या बाबतीत घडत असेल तर सगळ्यांनी मिळून जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी. चौकशीचा अधिकार त्यांनाही आहे.

आमचं काय झालं? हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, दुकानदाराला आणि कंपनीला स्पीड पोस्टाने पत्रं पाठवली. ज्या कंपनीला बिल नंबराशिवाय बोलायचं नव्हतं, तिचा माणूस नवी मोटार घेऊन दारात हजर झाला. एक पैसाही घेतला नाही. पण तोवर एकादशी होऊन चार दिवस झाले होते. दिंडीकडून घेतलेले आगाऊ पैसे आम्ही आधीच परत केले होते. भाजलेला राजगिरा आणि वरी पुढे महिनाभर घरातच संपवली. बुडालेल्या हंगामाची भरपाई मागायला आयोगात जाता आलं असतं. आम्ही गेलो नाही. हातात पक्कं बिल असतं तर पहिल्या फोनलाच माणूस आला असता, हे मला ठाऊक होतं. तेवढं एक ओझं माझ्या मनावरून अजून उतरलेलं नाही.

तेव्हापासून देवघराच्या फळीवर बिस्किटाचा रिकामा डबा ठेवलाय. त्यात घरातली सगळी बिलं, वॉरंटी कार्डं. छापील बिलाची शाई उडते, म्हणून जाऊ मोबाइलवर फोटोही काढून ठेवते. मैत्रिणींनो, आज दुपारी जरा वेळ काढून घरातली अशी कागदपत्रं एकत्र करा. सापडली नाहीत तर निदान पुढच्या खरेदीला तरी ‘बिल द्या’ म्हणायला लाजू नका. आपण तोंड उघडलं नाही तर दिल्लीतल्या प्राधिकरणालाही कळायचं नाही की पंढरपुरात कुणी फसलंय.

परवा महाद्वारात कुंकू घ्यायला गेलो होतो. वाट्याने मोजून पुडी बांधायला लागला, तर जाऊ म्हणाली, ‘दादा, काट्यावर ठेवा.’ दुकानदार हसला, पण ठेवली. पुडी दहा ग्रॅम कमी भरली. मी नुसती जाऊकडे बघत राहिले. या वेळी शाबासकी तिची होती.