नटाचा नकार, नटाचा होकार

मंडळी, गेल्या खेपेला आपण न्यायशास्त्रातली अतिव्याप्ती पाहिली. लक्षण जिथे लागू नको तिथेही लागू पडतं, ती अतिव्याप्ती. 'शिंगं असते ती गाय' म्हटलं की म्हैसही आत शिरते. आज तोच दोष गॅस सिलिंडरच्या तोंडाशी पाहायचा आहे. तत्त्वज्ञानवाल्याला हा उद्योग कशाला, असं वाटेल. पण इथे लक्षण फसलं तर माणूस दगावतो.

आता बघा. हायड्रोजन, अ‍ॅसिटिलिन या जळाऊ वायूंच्या व्हॉल्व्हना आपल्याकडे डावे आटे असतात, ऑक्सिजन-नायट्रोजनला उजवे. डाव्या आट्यांच्या नटाच्या (रंगभूमीवरच्या नव्हे!) कडांना खाचा पाडलेल्या असतात. त्यामुळे ऑक्सिजनचा रेग्युलेटर हायड्रोजनवर चढतच नाही. हा नकार भरवशाचा आहे.

होकाराचं तसं नाही. ब्रिटिश मानक बीएस ३४१ मधली ३ नंबरची जोडणी ऑक्सिजन, नायट्रोजन, अर्गॉन या तिघांनाही चालते. अमेरिकेत ऑक्सिजनला ५४० क्रमांकाची वेगळी जोडणी. पण नायट्रोजन, अर्गॉन, हीलियम हे ५८० मध्ये एकत्रच. म्हणजे नट नीट बसला, यावरून आत कोणता वायू आहे ते कळत नाही. म्हणून आधी सिलिंडरवरचं लेबल वाचायचं, मग त्या वायूला आणि दाबाला चालणारा रेग्युलेटर घ्यायचा, आणि जोडणी आपल्या आयएस ३२२४ या मानकाशी ताडून पाहायची. बसत नसेल तर दुकानातून अ‍ॅडॅप्टर आणणं म्हणजे पहारेकऱ्याला लाच देणं.

रुग्णालयातल्या छोट्या सिलिंडरचं लक्षण मला जास्त आवडतं. तिथे व्हॉल्व्हवर दोन भोकं आणि योकवर दोन पिना. ऑक्सिजनला २-५, नायट्रस ऑक्साइडला ३-५, हवेला १-५. एका वायूची जोडी दुसऱ्याला लागत नाही. पण गळती थांबवायला कुणी एकावर एक दोन वॉशर घातले, की पिना भोकात शिरत नाहीत आणि भलताच सिलिंडर बसू शकतो! लक्षण निर्दोष, माणसाने ते निकामी केलं.

एक चिठ्ठी आली आहे: मोठ्या ऑक्सिजन सिलिंडरची जोडणी गळली तर टेफलॉन टेप गुंडाळावी का? नको. तिथे आटे गळती थांबवत नसतात. निपलचं गोल टोक व्हॉल्व्हमधल्या शंकूसारख्या बैठकीवर दाबून बसतं, वायू तिथे अडतो; आटे फक्त दाबून धरतात. टेपचे तुकडे मात्र आत जातात. तेल-ग्रीस तर ऑक्सिजनजवळ नकोच, पेट घेतं. व्हॉल्व्ह बंद करा, बैठक स्वच्छ आहे का पाहा, नट पुन्हा आवळा, आणि ऑक्सिजनसाठीच्या तेलविरहित द्रावणाने तपासा. तरीही बुडबुडे आले, तर सिलिंडर पुरवठादाराकडे परत पाठवा.