मुंबईचा उन्हाळी मुक्काम : खोली स्वस्त की बाजाराजवळची?

मे महिना लागला की पुण्या-संगमनेरकडच्या गाड्या आमच्या राजूरवरून भंडारदऱ्याकडे धावू लागतात. मुंबईवाले घोटीकडून येतात. कोणी धरणाच्या पाण्याकाठी बसायला, कोणी पावसाआधी झाडांवर लखलखणारे काजवे पाहायला. आम्ही मात्र नेमके याच दिवसांत उलट्या दिशेने, घामाच्या मुंबईला निघतो. लोक हसतात. परंतु कापडाच्या धंद्यातल्या माणसाला दुसरा मोसम नाही. लग्नसराईचा माल संपत आलेला असतो, जूनमध्ये शाळा उघडणार म्हणून गणवेशाचे कापड भरायचे असते, आणि मुलांना सुटी असल्यामुळे घरातही 'आम्हाला मुंबई दाखवा' चा तगादा सुरू असतो. तेव्हा खरेदी आणि सहल एकाच खर्चात उरकावी हा हिशेब आमच्या अब्बांच्या काळापासून चालत आला आहे.

या हिशेबात सगळ्यात जास्त चूक कुठे होते, तर मुक्कामाच्या जागेत. आमचीही झाली. ती लिहून ठेवावी, म्हणजे आमच्या व्यापारी बंधूंपैकी दोघा-चौघांचे तरी पैसे वाचतील, या हेतूने हा लेख लिहीत आहोत. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, मराठी आम्ही दुकानाच्या गल्ल्यावर बसून शिकलो. भाषेत कमी-जास्त झाले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही सहा जण निघालो. आम्ही, मुलांची अम्मी, आमच्या वृद्ध अम्मी, थोरली मुलगी आणि तिची दोन लेकरे. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास खोलीचा भाव विचारला तर रोजचे ३,००० रुपये सांगितले, आणि लागणार होत्या दोन खोल्या. भाच्याने मोबाईलवर शोधून ठाण्याच्या पलीकडे एक हॉटेल काढले. १,७०० रुपये खोली, फोटो झकास, 'स्टेशनपासून जवळ' असे लिहिलेले. तीन रात्रींचे दोन खोल्यांवर ७,८०० रुपये वाचले म्हणून आम्ही भाच्याच्या पाठीवर थाप मारली. खोली खरोखर चांगली होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण आम्हाला काम होते मूळजी जेठा मार्केटात, लेकरांना जायचे होते राणीच्या बागेत आणि गेट वेला, आणि झोपायला जायचे ठाण्याच्या पलीकडे. कमरेला बांधायची थैली आम्ही पायाला बांधली होती.

सोमवार, १३ मे. सकाळच्या गर्दीत अम्मींना लोकलमध्ये चढवताना जे हाल झाले ते लिहीत नाही. गुडघ्याचे दुखणे असलेल्या माणसाला घेऊन ज्यांनी सकाळची लोकल पकडली आहे त्यांना सांगायची गरज नाही. बाजारात एका शाळेच्या गणवेशासाठी १,४०० मीटरचा लॉट पसंत पडला. रंग बरोबर, पन्ना बरोबर. भावाचे बोलणे जवळजवळ जमले होते. मालक म्हणाले, 'संध्याकाळी सहाला या, ताग्यांची मोजणी करून टाकू.' आणि साडेचारच्या सुमारास ते धुळीचे वादळ आले. भरदिवसा अंधार, मागून पाऊस. घाटकोपरला पेट्रोल पंपावर मोठा जाहिरात फलक कोसळून १७ माणसे दगावली, ती हीच संध्याकाळ. त्या घरांच्या दुःखापुढे आमचे नुकसान काहीच नाही, हे आधी सांगतो.

ठाणे-मुलुंड दरम्यान ओव्हरहेड वायरचा खांब कलला आणि लोकल खोळंबल्या. दोन लेकरे, एक म्हातारी माणूस आणि मुक्काम चाळीस किलोमीटरवर. सहाची वेळ सोडून आम्ही स्टेशनकडे धावलो. तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटी दोन टॅक्सी केल्या, ३,२०० रुपये मोजले आणि रात्री साडेअकराला खोलीवर पोहोचलो. दुसऱ्या दिवशी अम्मी उठू शकल्या नाहीत. सगळी व्यवस्था लावून आम्ही एकटे बाजारात गेलो तो दुपारचे बारा वाजलेले. लॉट सकाळीच दुसऱ्याने उचलला होता. व्यापाऱ्याचा त्यात दोष नाही. बयाना दिला नव्हता आणि वेळेवर आम्ही गेलो नव्हतो. दुसरा लॉट मीटरमागे ९ रुपये जास्त देऊन घ्यावा लागला, कारण शाळेला शब्द दिलेला होता.

आता वही उघडा. कापडात १२,६०० रुपये जास्त गेले. टॅक्सी ३,२००. तीन दिवस हॉटेल ते स्टेशन रिक्षा आणि जादा तिकिटे मिळून सुमारे १,२००. एकूण १७,०००. वाचवले किती? ७,८००. म्हणजे स्वस्त खोली ९,२०० रुपयांना महाग पडली, आणि लेकरांनी राणीची बाग पाहिली नाही ती वेगळीच.

पुढच्या वर्षी, २०२५ च्या मेच्या सुरुवातीला, आम्ही आधी जागा ठरवली आणि मग भाव विचारला. रीत साधी होती. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मशीद बंदर स्टेशन आणि मंगलदास मार्केट अशा तीन खुणा केल्या आणि या तिघांच्या मध्ये जे लॉज-हॉटेल असतील तेवढीच पाहिली. काखेत दोन तागे घेऊन दहा मिनिटांत चालत पोहोचता आले पाहिजे, ही आमची पट्टी. या पट्टीत क्रॉफर्ड मार्केट येते, लोहार चाळ येते, दप्तरे-छत्र्यांसाठी अब्दुल रहमान स्ट्रीट येते. जुमा मशीद जवळ, मोहम्मद अली रोडवरचे खाणे जवळ. त्यामुळे जमातीची आणि जेवणाची वेगळी शोधाशोध करावी लागत नाही.

पण खरा फायदा आम्हाला दुपारी कळला. मुंबईचे ऊन आकड्यात फार नसते, पस्तीसच्या आतबाहेर. आपल्याकडे नगरला त्याहून जास्त तापते. मुंबईत माणसाला घाम मारतो. दुपारी एक ते चार या वेळात बायका-मुलांना घेऊन फिरणे म्हणजे त्यांना आजारी पाडणे. खोली बाजाराजवळ असली की सकाळी खरेदी, एक वाजता परत, जोहर, जेवण, अंघोळ, झोप, आणि साडेचारला पुन्हा ताजेतवाने बाहेर. खोली लांब असली की ही दुपार फुटपाथवर आणि सरबताच्या दुकानात जाते. आम्ही जे जास्तीचे पैसे मोजतो ते पलंगाचे नाहीत, या तीन तासांचे आहेत.

आता फोनवर काय विचारावे ते सांगतो. 'स्टेशनजवळ' या शब्दाला अर्थ नाही. कोणते स्टेशन, आणि रुळांच्या कोणत्या बाजूला, हे विचारा. याचे उदाहरण म्हणजे कर्नाक पूल. जुना पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये पाडला, आणि नवा पूल 'सिंदूर पूल' या नावाने १० जुलै २०२५ ला सुरू झाला. मधली अडीच-तीन वर्षे पी. डी'मेलो रोडच्या बाजूला उतरलेल्या माणसाला क्रॉफर्ड मार्केट नकाशावर हाताच्या अंतरावर दिसे, पण टॅक्सीला वळसा पडे. आता पूल झाल्यामुळे ती बाजूही विचारात घ्यायला हरकत नाही.

मजला विचारा आणि लिफ्ट चालू आहे का ते विचारा. 'आहे का' नव्हे, 'चालू आहे का'. या भागातल्या इमारती जुन्या, जिने उभे. अगदी वरच्या मजल्याची खोली मे महिन्यात घेऊ नये, स्लॅब रात्रभर तापलेला राहतो. मोहम्मद अली रोडवर रस्त्याकडची खोली घेऊ नये. २००२ पासून जे. जे. उड्डाणपूल तिथल्या खिडक्यांच्या अगदी जवळून जातो. आम्ही एक खोली पाहायला गेलो तेव्हा मालक खिडकी उघडेनात. का, ते खिडकी उघडल्यावर कळले. आतल्या अंगाची खोली अंधारी वाटते, पण झोप लागते.

चेकआऊट दुपारी बाराचा की चोवीस तासांचा, हा प्रश्न आपल्या गावाकडच्या माणसाला फार महत्त्वाचा. आपण घोटी-इगतपुरीहून सकाळी पोहोचणार. बाराचा नियम असेल तर सकाळी खोली मिळत नाही, किंवा एका दिवसाचे भाडे फुकट जाते. चोवीस तासांचा असेल तर शंभर-दोनशे रुपये जास्त दिलेले परवडतात. माल ठेवायला जिन्याखाली किंवा काउंटरमागे जागा देतील का, हेही आधी बोलून घ्यावे. कराचे म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, पूर्वी १२ होता. भाव सांगताना कर धरून सांगितला का, हे स्पष्ट करून घ्यावे. आणि शक्य असेल तर पैसे पाठवण्याआधी मुंबईतल्या कोणा ओळखीच्या माणसाला खोली डोळ्यांनी पाहून यायला सांगावे. आडत्याचा मुलगा, जुना शेजारी, कोणीही चालेल. मोबाईलवरचा फोटो खोलीचा असतो, गल्लीचा नसतो.

एक गोष्ट आपल्याच लोकांच्या ध्यानात राहत नाही. हजची तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, आणि सध्या ती उन्हाळ्यात आलेली आहे. २०२४ मध्ये जूनच्या मध्यात, २०२५ मध्ये जूनच्या सुरुवातीला, आणि आता मेअखेर. हज यात्रेकरू आणि त्यांना निरोप द्यायला आलेले नातेवाईक यांनी हज हाऊसच्या आसपासची हॉटेले त्या दिवसांत भरून जातात. तेव्हा 'नाहीतर हज हाऊसला बघू' या भरवशावर कुटुंब घेऊन निघू नये. ती जागा मुळात हाजींसाठी आहे. पूर्वी बोटीने जाणाऱ्यांची सोय मुसाफिरखान्यांत होई. १९९५ नंतर बोटी बंद झाल्या, पण 'मुंबईत मुसाफिरखाना आहेच' हा समज गावोगावी अजून शिल्लक आहे. एक-दोन महिने आधी खोली पक्की करावी हे बरे.

एकटा व्यापारी असेल तर गोष्ट निराळी. मुंबई सेंट्रल स्टेशनात २०२१ पासून पॉड हॉटेल आहे, म्हणजे कपाटासारख्या छोट्या खणात झोपायची सोय. आम्ही तिथे राहिलो नाही, आमच्या देहयष्टीला ते जमेलसे वाटत नाही. तरुणांना एका रात्रीसाठी ठीक.

आणखी एक बदल येत्या उन्हाळ्यात उपयोगी पडेल. भुयारी मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली, आणि तिचे एक स्टेशन थेट काळबादेवीला आहे. गार डब्यातून उतरून कापडबाजारात जाता येते, हे आम्हाला अजून खरे वाटत नाही. त्यामुळे दादर किंवा मुंबई सेंट्रलला, मेट्रो स्टेशनला लागून चांगली आणि थोडी स्वस्त खोली मिळाली तर आमची दहा मिनिटांची पट्टी थोडी सैल करायला हरकत नाही. एवढेच ध्यानात ठेवावे की शीव-वांद्र्याच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाही, टॅक्सीच करावी लागते. टॅक्सीचे किमान भाडे फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये आहे.

वार पाहून निघावे. कापडबाजार रविवारी बंद, आणि रविवारीच रेल्वेचा मेगाब्लॉक. म्हणून आम्ही गुरुवारी पोहोचतो, शुक्रवार-शनिवार खरेदी करतो आणि रविवार मुलांना देतो. राणीची बाग भायखळ्याला, मशीद बंदरपासून दोन स्टेशने. बुधवारी बंद असते. घारापुरीची लेणी सोमवारी बंद. हाजी अलीला जाताना भरतीची वेळ विचारून जावे, वाट पाण्याखाली जाते.

अहमदाबादला जाणाऱ्यांनी कालुपूर ते तीन दरवाजा या पट्ट्यात उतरावे, मेट्रोही कालुपूरला येते. पण मे महिन्यात तिथला उन्हाळा लेकरांना सोसत नाही, एकट्याने जावे. सुरतेला स्टेशन आणि रिंग रोड जवळजवळ आहेत, तिथे फार विचार करायला नको. परराज्यातून माल आणताना ५०,००० च्या वर ई-वे बिल लागते, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर, एवढे विसरू नये.

२०२५ च्या त्या फेरीत खोलीला रोजचे ३,२०० पडले. शनिवारी संध्याकाळी सहाला मोजणीला हजर होतो. गाठी ट्रान्सपोर्टला लावल्या, नमुन्याचे दोन तागे तेवढे सोबत घेतले. रविवारी सकाळी अम्मींनी चाकाच्या खुर्चीतून राणीच्या बागेत पेंग्विन पाहिले. सोमवारी दुपारी खोली सोडून इगतपुरीची गाडी धरली, आणि घोटीहून दिवस मावळायच्या आत राजूरला दुकानाचे कुलूप उघडले.