आपण टाकलेलं आपल्याच गळ्यात

पावसाळ्यातलं उधाण ओसरलं की मालवणजवळच्या देवबाग-तारकर्लीपासून तोंडवळीपर्यंतच्या वाळूवर ओल्या कचऱ्याची एक नागमोडी रेघ उरते. तिच्यात समुद्रफेणाच्या पांढऱ्या वड्या असतात, तिसऱ्यांचे नि मुळ्यांचे शिंपले असतात, झिजून गुळगुळीत झालेला एखादा प्रवाळाचा तुकडा असतो. त्यांच्याच शेजारी निळ्या-हिरव्या सुताचा गुंता, फुटलेला बोया, एका पायाची चप्पल, बाटलीचं बूच आणि औषधी गोळ्यांचं रिकामं पाकीटही असतं. सापडलेल्या आणि टाकून दिलेल्या वस्तूंपासून दागिने घडवण्याची कला गेल्या काही दशकांत जगभर रुजली आहे, आणि तिच्या कारागिराला ही रेघ म्हणजे खाणच वाटावी. सिंधुदुर्गात ही कला रुजावी असं मला मनापासून वाटतं. पण त्यासाठी या रेघेतल्या वस्तूंची आधी वाटणी करायला हवी. माणसाने टाकलेलं उचलावं आणि समुद्राने टाकलेलं तिथेच राहू द्यावं. हा भेद कायद्याने सांगितला आहे, शास्त्राने पटवून दिला आहे, आणि मला वाटतं, कलेलाही तोच जास्त मानवतो.

कचऱ्याचा दागिना हे परदेशी फॅड आहे, अशी पहिली शंका येते. ती टिकत नाही. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणे इथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले. त्यांचा काळ सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. आतलं खाऊन झाल्यावर किंवा पिल्लू निघून गेल्यावर उरणारं ते टरफल. कुणीतरी ते हातात घेतलं, घासून गोल केलं, भोक पाडून ओवलं. बंजारा स्त्रियांच्या अंगावर चलनातून गेलेली नाणी, कवड्या आणि आरशाचे तुकडे पिढ्यान्‌पिढ्या दिमाखात वावरत आले आहेत. युरोपात ही दृष्टी नव्याने आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. 1967 मध्ये डच कलावंत खाइस बाकर याने शेगडीच्या धुराड्याच्या नळकांड्यासारखा अ‍ॅल्युमिनियमचा कंठा केला. 1980 मध्ये ओटो कुंझली याने सोन्याची गोळी काळ्या रबराच्या कड्यात पूर्ण झाकून टाकली आणि त्या कड्याला ‘सोनं आंधळं करतं’ असं नाव दिलं. सोनं आत आहे यावर पाहणाऱ्याने नुसता विश्वास ठेवायचा. दागिन्याची किंमत धातूत असते की बघणाऱ्याच्या नजरेत, हा प्रश्न या मंडळींनी नव्याने उभा केला. आपल्याकडच्या कवड्यांच्या माळेने तो न बोलता केव्हाच सोडवला होता. तुळजाभवानीच्या आराध्याच्या गळ्यातली ती माळ सोनाराच्या काट्यावर शून्य भरेल, आणि तरी तिचा मान कमी होत नाही.

आता वाटणीकडे. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2001 साली दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा अनुसूची एकमध्ये समावेश झाला. म्हणजे कायद्याच्या लेखी त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे आणि गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. काही मोठे शंख-शिंपलेही या अनुसूचींत आहेत. वास्तुदोष घालवणारी वनस्पती म्हणून ‘इंद्रजाल’ या नावाने जी काळी, जाळीदार फांदी चौकटीत घालून विकली जाते, ती वनस्पती नव्हेच. ती समुद्रपंख्यासारख्या सागरी प्राण्यांची वसाहत असते आणि तिची खरेदीही गुन्हा ठरते. मालवणच्या बाबतीत हे जास्तच लागू पडतं, कारण सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहे आणि 1987 पासून इथला 29.12 चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य आहे.

यावर लगेच ऐकू येतं की शिंपल्यातला जीव तर केव्हाच गेलेला, मग तो उचलला तर बिघडलं कुठे? शिंपला मेला तरी त्याचं काम संपत नाही. ज्या खेकड्याचं पोट मऊ, बिनकवचाचं असतं तो रिकाम्या शंखात बिऱ्हाड थाटतो, शेवाळ आणि बारीक जीव त्यावर चिकटतात, आणि झिजता झिजता त्याचा चुना पाण्यात नि वाळूत परत जातो. मिखाऊ कोवालेव्स्की आणि सहकाऱ्यांनी स्पेनमधल्या सालूजवळच्या यार्गा किनाऱ्याचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध केला. 1978 ते 1981 आणि 2008 ते 2010 या दोन काळांची त्यांनी तुलना केली होती. पर्यटक सुमारे पावणेतीन पट वाढले होते आणि वाळूतले शिंपले अडीच पटींहून अधिक घटले होते. एकेका पिशवीने काय होणार, याचं उत्तर त्या आकड्यांत आहे. देवबागची चिंचोळी पट्टी धुपीने आधीच हैराण आहे. शिंपले वाचवले म्हणून ती वाचेल असं कुणी म्हणणार नाही, पण मुद्दाम आणखी काही काढून नेण्यासारखी तिची स्थितीही नाही. दुकानातल्या चकचकीत शंखांची गोष्ट तर वेगळीच. लाटांत लोळलेला शंख निस्तेज होतो, त्यामुळे ज्याची झिलई शाबूत आहे तो बहुधा जिवंतपणीच काढलेला असतो.

ते विकणाऱ्यांच्या पोटाचं काय, हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. नुसत्या बंदीने तो सुटत नाही, त्या टपरीवर ठेवायला दुसरं काहीतरी हवं. रेघेचा उरलेला अर्धा भाग इथे उपयोगी पडतो. त्यासाठी आधी वस्तू ओळखता यायला हवी. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून दोर आणि सूत वाहत किनाऱ्याला लागतं. नायलॉन जड, ते बुडतं, खडकांना आणि प्रवाळाला गुंडाळून बसतं, आणि मालक नसतानाही मासे धरत राहतं. पाणबुड्यांनी वर आणलेलं तसं जाळं दागिन्यात आलं, तर त्यामागे खरोखर काहीतरी सुटलेलं असतं. पॉलिथिलीन सुमारे 130 अंशांना, पॉलिप्रॉपिलीन 160च्या आसपास, तर नायलॉन 220च्या सुमारास वितळतं. त्यामुळे सुताचे तुकडे बटर पेपरमध्ये ठेवून साध्या इस्त्रीने त्यांची पातळ, रंगीत पत्री करता येते, मात्र उघड्या हवेत. थर्माकोल आणि पीव्हीसी तापवू नये, त्यांचा धूर विषारी असतो. उन्हाने पिठूळ झालेला दोर बोटाने चोळला की बोटावर रंग उतरतो. तो अंगावर घालू नये, कारण झडणारी ती भुकटीही प्लास्टिकच असते. जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या दिसायला देखण्या, पण शिसं कातडीला लावण्याची वस्तू नव्हे. वेंगुर्ल्याकडच्या काजूच्या टरफलांचाही मोह पडेल, पण त्यातलं तेल अंगावर कसं उततं हे कोकणात कुणाला सांगायला नको. करवंटी मात्र निर्धोक आहे. वाळूकागदाने घासून खोबरेल चोळलं की तिचा तपकिरी रंग गडद होतो.

या सगळ्यात किनाऱ्याचं खरं भांडवल मात्र हातांचं आहे. जाळं सांधणाऱ्या गाबीत मच्छीमाराची सुई आणि आसाच्या, म्हणजे जाळ्याच्या डोळ्याच्या, मापाची पट्टी अशी चालते की प्रत्येक गाठ सारखी बसते आणि ताण आला की अधिकच आवळते. त्याच गाठीने एका मिलिमीटरच्या सुतात चार बोटं रुंदीचा गळपट्टा विणला, मध्ये करवंटीचे मणी घातले, तर तो मुंबईतल्या कुठल्याही कलादालनात ताठ मानेने उभा राहील. बाजारात पन्नास रुपयांना मिळणाऱ्या शिंपल्यांच्या माळेत मालवणचं काय असतं? देशातल्या शिंपल्यांच्या व्यापाराची मोठी केंद्रं तर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आहेत.

चार-दोन हारांनी समुद्र साफ होणार आहे का, असंही कुणी विचारेल. नाही होणार. गळपट्ट्यात काही ग्रॅम सूत जातं आणि समुद्रात जाळी पडतात ती टनांनी. ज्याला किनारा साफ करायचा आहे त्याने पोती भरावीत. दागिना करतो ते काम निराळं असतं. जी वस्तू आपण टाकली आणि विसरलो, ती तो दुसऱ्याच्या गळ्यात, डोळ्यांच्या पातळीवर आणून ठेवतो, आणि हे कुठून आलं असं विचारायला लावतो. म्हणूनच इथे लबाडी खपवून घेता कामा नये. मागणी वाढली की नवा कोरा दोर कापून ‘समुद्रातला’ म्हणून विकला जाईल, हे ठरलेलं आहे. मूळ वस्तू काय होती, कुठल्या वाळूवर सापडली, गाठी कुणी मारल्या, एवढं लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक दागिन्यासोबत असावी.

उरला किमतीचा प्रश्न. सोनं अडीअडचणीला मोडता येतं, हा त्याचा मोठा गुण आहे आणि त्या अर्थाने सुताचा हार स्त्रीधनाची जागा कधीच घेणार नाही. त्याची तुलना पैठणीशी किंवा चित्राशी करावी. तिथे आपण मोडीची किंमत विचारत नाही, कुणी किती कष्टांनी केलं ते पाहतो. कच्चा माल फुकट आहे म्हणून मजुरीही फुकट धरली, तर हा उद्योग पहिल्याच मोसमात बुडेल. एका गळपट्ट्याला दोन-तीन दिवस लागत असतील तर त्याची किंमत त्या दोन-तीन दिवसांच्या रोजापासून सुरू व्हायला हवी, आणि पर्यटकाला ती कारणासह सांगता यायला हवी. सुरुवातीला वेळही साधता येईल. जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, होड्या शाकारलेल्या असतात, जाळी घराच्या पडवीत सांधायला काढलेली असतात. सांधण्याच्या पलीकडे गेलेलं जाळं बाजूला पडतं ते याच दिवसांत, आणि वाळूवरची रेघ सर्वांत जाड असते तीही याच दिवसांत.