रणगाड्याच्या रिमोटला स्प्रिंग हवी

मॉडेल विमानासाठी बनवलेला ट्रान्समीटर रणगाड्यालाही चालतो, पण त्याची वेगाची दांडी बदलल्याशिवाय तो वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. विमानात ही दांडी तळाशी असली की इंजिन मंद किंवा बंद, वर नेली की पूर्ण वेग; बोट काढलं तरी ती जागीच राहावी म्हणून आत धातूची लवचीक पट्टी दात्यांवर दाबून बसवलेली असते. रणगाड्याला मात्र मागेही जायचं असतं. त्याच्या वेगनियंत्रकाला साधारण 1500 मायक्रोसेकंदांचा स्पंद म्हणजे ‘थांब’; 2000 कडे एक दिशा, 1000 कडे उलटी. म्हणजे थांबा दांडीच्या मध्यावर, आणि तिला तिथे परत आणणारं काहीच नाही!

सरावाने बोटांना मध्य सापडतो, असं काही जण म्हणतात. नियंत्रकात मध्याभोवती थोडी मोकळीकही असते. पण घाईत बोट निसटलं तर जड रणगाडा चालतच राहतो, आणि फेलसेफ इथे उपयोगाचा नाही: तो सिग्नल तुटल्यावर जागा होतो, इथे सिग्नल नीट पोहोचत असतो. उपाय छोटा आहे. बॅटरी काढून मागचं झाकण उघडायचं, पट्टी काढायची आणि शेजारच्या अक्षावर असते तशी तरफ व स्प्रिंग बसवायची. अनेक ट्रान्समीटरांत त्यासाठी जागा असतेच, कारण वेगाची दांडी काहींना डावीकडे लागते, काहींना उजवीकडे. सर्किटला हात लावावा लागत नाही. लांब पल्ल्यावर अंगठा दमतो, ही तक्रार मात्र रास्त आहे. ताणाचा स्क्रू असेल तर तो थोडा सैल करावा.